नोकरीसाठी स्पॅनिश: वर्गात शिकलेली भाषा ऑफिसात कुठे अपुरी पडते

पुण्या-मुंबईतल्या अनेक कंपन्यांची हिशेबाची, खरेदीची आणि ग्राहकसेवेची केंद्रं आज मेक्सिको, कोलंबिया, चिली, स्पेन अशा देशांचं काम सांभाळतात. बिलं तिकडची, पुरवठादार तिकडचे, नोंदी करणारी माणसं इकडची. शिवाय वाहनं, औषधं, शेतीची रसायनं यांची निर्यात आहेच. बजाजच्या मोटारसायकली कोलंबियात सर्रास दिसतात आणि टीसीएसने उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओमध्ये २००२ सालीच आपलं केंद्र उघडलं. त्यामुळे कॉमर्स किंवा इंजिनिअरिंग केलेली कितीतरी मुलं जोडीला स्पॅनिश शिकतात. चांगल्या गुणांनी परीक्षा पास होतात, नोकरीही मिळते. मग पहिल्याच आठवड्यात मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराहून एका पुरवठादाराचा फोन येतो आणि दोन वर्षं शिकलेल्या भाषेतलं एक वाक्यही धड कानावर पडत नाही.

यात मुलांची चूक नाही. वर्गातली भाषा ओळख करून देणं, आवडीनिवडी, हॉटेलात जेवण मागवणं, सुट्टीची वर्णनं अशा वाटेने जाते, आणि सुरुवातीला ती वाट योग्यच आहे. ऑफिसात मात्र समोरच्याला तुमचे छंद नको असतात, त्याला त्याचे अडकलेले पैसे हवे असतात. म्हणून कामासाठी स्पॅनिश शिकणाऱ्याने आधी काम ठरवावं, मग देश ठरवावा आणि पुस्तक त्यानंतर उघडावं. हा क्रम उलटा झाला की वर्षं वाया जातात, आणि ती जाताना पाहून मला खरंच वाईट वाटतं.

किती आलं म्हणजे पुरे?

युरोपीय मोजपट्टीनुसार भाषेच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. जाहिरातींत बहुतेकदा बी१ किंवा बी२ मागतात. या दोन पायऱ्यांमधलं अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे. बी१ला तुम्ही ठरावीक साच्यातले ईमेल वाचता-लिहिता, बिलावरच्या नोंदी समजून घेता, आणि समोरचा सावकाश बोलला तर फोनही निभावून नेता. बी२ला चिडलेला माणूस भरभर बोलत असताना त्याचं म्हणणं कळतं आणि त्याला उत्तरही देता येतं. फोनचं काम असेल तर माझ्या मते बी२च्या खाली हो म्हणू नये.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था तिथल्या अधिकाऱ्यांना कामकाजाच्या पातळीपर्यंत स्पॅनिश शिकवायला साधारण ६०० ते ७५० तास वर्गात धरते, आणि हे पूर्णवेळ शिकणाऱ्यांचं गणित आहे. तुम्ही नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास दिलेत तर ६०० तासांना शंभर आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं लागतात. तीन महिन्यांत अस्खलित करून देणाऱ्या जाहिराती वाचताना हा हिशेब आठवावा.

मराठी बोलणाऱ्याच्या पदरात आधीच काय आहे

आपल्याकडे स्पॅनिश बहुतेकदा इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे मराठी माणसाला जे आयतं समजलं असतं तेही अवघड होऊन बसतं. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य इंग्रजी बोलणाऱ्याला उलटं वाटतं, आपल्याला नाही. 'मला कॉफी आवडते' याचीच ती रचना आहे. 'से मे ओल्बिदो' म्हणजे 'माझ्याकडून राहून गेलं'. दोष अंगावर न घेता चूक सांगायची ही सोय दोन्ही भाषांत आहे, आणि ईमेलला फाइल जोडायची राहून गेली की तिचा फार उपयोग होतो.

विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात हेही आपल्याला नवं नाही. 'थकलेला हप्ता' आणि 'थकलेली फी' म्हणणाऱ्याला 'एल पागो बेन्सिदो' आणि 'ला फाक्तुरा बेन्सिदा' यात काय कठीण? त आणि द यांचे उच्चार आपले दंत्य, त्यांचेही दंत्य. 'भरले' आणि 'भरत होतो' हा भूतकाळातला फरकही आपण रोज करतो.

सगळ्यात मोठी मदत होते ती ज्याला सगळे घाबरतात त्या सबजंक्टिव्ह या क्रियापदाच्या रूपामध्ये. 'ले सोलिसितो के एन्बीए ला फाक्तुरा' या वाक्यातलं 'एन्बीए' म्हणजे आपल्या 'बिल पाठवावं अशी विनंती' मधलं 'पाठवावं'. विनंती, इच्छा, अपेक्षा आली की मराठीतही क्रियापद विध्यर्थात जातं. सगळीकडे ही जोडी जमत नाही. 'पैसे आले की कळवतो' अशा वाक्यातही स्पॅनिशला सबजंक्टिव्ह लागतं, तिथे मराठी मदतीला येत नाही. तरी ऑफिसातल्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग विनंत्यांचाच असतो, आणि तिथे हा आधार पक्का आहे. खरी मेहनत लागते ती 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांवर. आपण दोन्हीला 'असणे' म्हणतो. 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार आहे, 'एस लिस्तो' म्हणजे हुशार आहे. रिपोर्ट तयार असतो, हुशार नसतो.

आकडे

कामाच्या स्पॅनिशमध्ये सर्वांत महाग चुका आकड्यांत होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिली गोष्ट, 'बियोन'. अमेरिकी इंग्रजीची सवय असलेला माणूस याला बिलियन समजतो, म्हणजे शंभर कोटी. स्पॅनिशमध्ये बियोन म्हणजे एकावर बारा शून्यं, म्हणजेच एक लाख कोटी. शंभर कोटींना तिथे 'मिल मियोनेस', हजार दशलक्ष, म्हणतात. फरक हजारपटीचा आहे. कोलंबियाचा पेसो लहान किमतीचा असल्यामुळे तिथल्या सरकारी अंदाजपत्रकात बियोनेस सतत येतात, आणि चुकीचं भाषांतर झालेला ताळेबंद थेट वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ शकतो. आपल्या लाख-कोटींची सांगड एकदाच घालून ठेवावी: एक लाख म्हणजे 'सिएन मिल', दहा लाख म्हणजे 'उन मियोन', एक कोटी म्हणजे 'दिएस मियोनेस'. मधे इंग्रजी आणू नये.

दुसरी, टिंब आणि स्वल्पविराम. साडेबारा लाख आणि पन्नास सेंटावो ही रक्कम मेक्सिकोत १,२५०,०००.५० अशी लिहितात, तर कोलंबिया, अर्जेंटिना, स्पेन इथे १.२५०.०००,५० अशी. एक्सेलची फाइल एका देशाच्या सेटिंगमधून दुसऱ्या देशाच्या सेटिंगमध्ये उघडली की आकडे मुकाट्याने बदलतात. नवीन देशाचं काम हातात आलं की पहिल्याच दिवशी हे तपासावं.

तिसरी, डॉलरचं चिन्ह. मेक्सिको, कोलंबिया, चिली आणि अर्जेंटिना इथे पेसोसाठी तेच चिन्ह वापरतात. बिलावर चिन्ह दिसलं म्हणून डॉलर धरायचे नाहीत. शेजारी एमएक्सएन (मेक्सिकन पेसो) आहे, सीओपी (कोलंबियन पेसो) आहे की यूएसडी (अमेरिकी डॉलर) आहे ते बघायचं. तारखेत मात्र आपण आणि ते एकाच बाजूला आहोत, आधी दिवस आणि मग महिना. गोंधळ होतो तो मधे अमेरिकेतलं मुख्य कार्यालय असेल तर.

आणि ऐकणं. 'सेसेन्ता' साठ, 'सेतेन्ता' सत्तर. फोनच्या खरखरीत हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे वाटतात. पाचशे, सातशे आणि नऊशे यांची रूपं नियमाबाहेरची आहेत: 'किनिएन्तोस', 'सेतेसिएन्तोस', 'नोबेसिएन्तोस'. फोन नंबर अनेकदा दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, म्हणजे 'पंचावन्न, बत्तीस, अठरा' असे. एकेक आकडा ऐकायची सवय असलेल्याचा हात तिथे थबकतो. रोज दहा मिनिटं कुणाकडून तरी आकडे वाचून घ्यावेत आणि लिहावेत. व्याकरणाच्या तासाभराच्या सरावापेक्षा याचा फायदा लवकर दिसतो.

देशागणिक वेगळे कागद

स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाचं कर खातं वेगळं. हिशेबाच्या नोकरीत खरा शब्दसंग्रह इथून सुरू होतो.

मेक्सिकोत करदात्याच्या क्रमांकाला आरएफसी म्हणतात. कंपनीचा १२ अक्षरांचा, व्यक्तीचा १३. तिथल्या कर खात्याचं नाव 'सात' (SAT), आणि इलेक्ट्रॉनिक बिलाला सीएफडीआय म्हणतात. हे बिल 'तिंब्रादो' झालेलं, म्हणजे डिजिटल शिक्का बसलेलं असावं लागतं आणि त्यावर 'फोलिओ फिस्काल' नावाचा लांबलचक क्रमांक असतो. पैसे एकरकमी दिले तर बिलावर पीयूई असा संकेत असतो, हप्त्यांनी किंवा नंतर दिले तर पीपीडी. पीपीडी असेल तर पैसे मिळाल्यावर पुरवठादाराने 'कोम्प्लेमेन्तो दे पागो' हा वेगळा कागद काढायचा असतो. मेक्सिकोच्या कामात या कागदाच्या मागणीचे आणि पाठपुराव्याचे ईमेल सतत येत-जात असतात. तो काय आहे हे माहीत नसलेल्याला सी१चं प्रमाणपत्रही वाचवू शकत नाही, आणि माहीत असलेला बी१चा माणूस बिनधास्त काम करतो.

कोलंबियात करदात्याचा हाच क्रमांक निट होतो आणि खातं दिआन, चिलीत रुत, पेरूत रुक, अर्जेंटिनात कुइत, स्पेनमध्ये निफ. मूल्यवर्धित कराला बहुतेक ठिकाणी इवा म्हणतात, पेरूत मात्र आयजीव्ही. दरही पाठ असलेले बरे: मेक्सिको १६ टक्के, पेरू १८, कोलंबिया आणि चिली १९, अर्जेंटिना आणि स्पेन २१. हे सर्वसाधारण दर आहेत, काही वस्तूंना सवलत असते.

रोजचे शब्दही बदलतात. संगणक मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा', कोलंबियात 'कोम्पुतादोर', स्पेनमध्ये 'ओर्देनादोर'. स्पेनमध्ये 'घेणे' या अर्थी दिवसातून पन्नासदा वापरतात ते 'कोखेर' हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील आहे, तिथे ते तोंडून जाऊ देऊ नये. इंग्रजीसारखे दिसणारे शब्दही फसवतात. 'आक्तुआल्मेन्ते' म्हणजे सध्या. 'एबेन्तुआल्मेन्ते' म्हणजे कदाचित, वेळ पडल्यास. पुरवठादाराने माल 'एबेन्तुआल्मेन्ते' येईल असं लिहिलं आणि तुम्ही 'शेवटी नक्की येईल' असं वर कळवलंत, तर आश्वासन त्याने दिलेलंच नसतं.

माणसांशी कसं बोलायचं

'तू' आणि 'उस्तेद' यांत 'तू' आणि 'तुम्ही'चाच फरक आहे, आणि पहिला शब्द तर कानालाही आपलाच वाटतो. पण कुठे कोणता हे देशावर ठरतं. स्पेनमधल्या ऑफिसांत साहेबालाही तू म्हणायची पद्धत रुळली आहे. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात उलट, ओळखीच्या माणसांतही उस्तेद चालतं. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतं आणि त्याबरोबर क्रियापदाचं रूपही बदलतं. नवख्याने उस्तेदने सुरुवात करावी. समोरचा म्हणेल, 'मला तू म्हण', तेव्हा बदलावं. सासरच्या वडीलधाऱ्यांशी पहिल्यांदा बोलताना आपण जो अंदाज घेतो तो इथेही कामाला येतो.

मेक्सिकोत पदवीधराला 'लिसेन्सिआदो' किंवा 'लिसेन्सिआदा', इंजिनिअरला 'इन्खेनिएरो' असं संबोधतात, आणि ते न लावणं कोरडं वाटतं. कोलंबियात वरिष्ठाला 'दोक्तोर' म्हणतात, त्याने डॉक्टरेट केलेली असो वा नसो. आडनावं दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. टेनिसपटू नदालचं पूर्ण नाव राफाएल नदाल पारेरा. त्याला 'श्रीयुत पारेरा' म्हणून पत्र लिहिलं तर ते त्याच्या आईचं आडनाव होतं. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव हा आपला अंदाज तिथे चुकतो, आणि सिस्टीममध्ये पुरवठादार शोधताना याच कारणाने नाव सापडत नाही.

ईमेलची सुरुवात 'एस्तिमादा लिसेन्सिआदा एर्नान्देस' अशी करतात आणि पुढे स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम देतात. लगेच मुद्द्यावर यायचं नसतं, एखादी ओळ ख्यालीखुशालीची लागते. मागणी करताना 'पाठवा' न म्हणता 'पोद्रीआ एन्बिआर्मे', म्हणजे 'पाठवू शकाल का', असं लिहावं. शेवटी 'केदो आतेन्तो', लिहिणारी स्त्री असेल तर 'केदो आतेन्ता': उत्तराची वाट पाहतो, पाहते. इंग्रजी ईमेलच्या तुलनेत हे लांबण वाटेल, पण तिथे याच ओळींवर समोरचा तुमची पारख करतो.

फोन उचलताना मेक्सिकोत 'बुएनो' म्हणतात, कोलंबिया-पेरूत 'आलो', स्पेनमध्ये 'दीगा'. मेक्सिकन 'आओरिता'चा शब्दशः अर्थ आत्ताच, प्रत्यक्षात ते पाच मिनिटांनी असेल किंवा संध्याकाळी. म्हणून नेमकी वेळ नम्रपणे विचारून घ्यावी. बोगोताच्या रिसेप्शनवर तुमची सही 'भेट' मागतील, 'मे रेगाला सु फिर्मा', तर ती तिथली साधी अदब आहे. अक्षरं सांगताना 'ई' ऐकू आलं तर ते इंग्रजीतलं आय (I), 'ए' ऐकू आलं तर ई (E). बी आणि व्ही यांचा उच्चार एकच, म्हणून 'बे दे बुर्रो' म्हणजे गाढवातला बी, 'बे दे बाका' म्हणजे गायीतला व्ही असं सांगतात. ईमेल पत्त्यातलं ॲट म्हणजे 'आर्रोबा', अंडरस्कोर म्हणजे 'गिओन बाखो'. ही वीसेक चिन्हं आणि अक्षरं पक्की झाली की फोनची निम्मी भीती जाते. उरलेल्या निम्मीसाठी 'मे लो पुएदे रेपेतिर, पोर फाबोर' हे वाक्य संकोच न करता वापरावं. पुन्हा विचारणाऱ्याला कुणी अडाणी समजत नाही. न विचारता चुकीची रक्कम भरणाऱ्याला मात्र माफी नसते.

स्वतःची हद्द

भाषा येणं वेगळं आणि दुभाष्या असणं वेगळं. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलात आणलं. घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्या क्यूबन बोलीत त्याचा अर्थ होता, खाण्यापिण्यातलं काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी मादक पदार्थांचं अतिसेवन समजून उपचार केले. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. आपल्याला एकमेकांचं कळतंय असं दोन्ही बाजूंना वाटत होतं, म्हणून दुभाष्याला कुणी बोलावलंच नाही.

टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांनी, नर्सेसनी स्पॅनिश जरूर शिकावं. रुग्णाची विचारपूस त्याच्या भाषेत केली की तो मोकळा होतो. पण निदान, संमती, औषधाची मात्रा यांसाठी प्रशिक्षित दुभाष्याच हवा. ऑफिसातही तेच. करारनाम्याचं भाषांतर समजून घेण्यापुरतं करा, पण त्यावर अधिकृत म्हणून सही करू नका. स्पेनमध्ये त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेले शपथबद्ध भाषांतरकार असतात, मेक्सिकोतही अधिकृत तज्ज्ञ भाषांतरकारांची पद्धत आहे.

यंत्रं आता ईमेलचं भाषांतर बरंच चांगलं करतात, मग शिकायचं कशाला, असं मुलं विचारतात. यंत्राने केलेलं बरोबर आहे की नाही हे सांगायला माणूस लागतोच, विशेषतः रकमा, नावं आणि नकार यांच्या बाबतीत. चालू फोनवर चिडलेल्या माणसाला शांत करायलाही माणूसच लागतो. कंपनीचे गोपनीय कागद फुकटच्या भाषांतर साइटवर टाकणं हा तर नोकरी जाण्याचा सोपा मार्ग आहे.

शिकायचं कसं

देश ठरला की त्या देशाचा रेडिओ रोज लावावा. कोलंबियासाठी काराकोल रेडिओ, स्पेनसाठी सरकारी प्रसारण संस्था आरटीव्हीई. दोन्ही इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. त्या देशाच्या कर खात्याच्या संकेतस्थळावरची माहितीपानं वाचावीत. रुक्ष असतात, पण तुमच्या कामाचे शब्द तिथेच असतात. नोकरीत असाल तर आपल्या विभागातले जुने ईमेल मागून घ्या आणि त्यांतली वाक्यं वहीत उतरवा. मित्राबरोबर खोटे फोन करा, आणि ते करताना एकमेकांकडे पाहू नका, कारण खऱ्या फोनवर ओठ दिसत नाहीत.

प्रमाणपत्रांत देले हे स्पेन सरकारच्या वतीने इन्स्तितुतो सेर्बान्तेस ही संस्था देते आणि त्याला मुदत नसते. सिएले ही संगणकावर द्यायची परीक्षा २०१६ साली सुरू झाली. तिच्यामागे सेर्बान्तेसबरोबर मेक्सिको, सालामांका आणि ब्युनोस आयर्सची विद्यापीठं आहेत, आणि तिचा निकाल पाच वर्षं ग्राह्य धरतात. नोकरी लगेच हवी असेल तर सिएले सोयीची, पुढे भाषेतच राहायचं असेल तर देले. पूर्ण पदवीसाठी दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू विद्यापीठ आहे. सेर्बान्तेसचं भारतातलं केंद्रही दिल्लीतच आहे.

आणि देश निवडताना घड्याळही बघा. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे; तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, त्यामुळे फोनचं काम मध्यरात्र उलटून जातं. बोगोतात ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. स्पेन उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणजे दुपारी कामाला लागून रात्री जेवायला घरी येता येतं. स्पेनची कामं हवीशी वाटतात ती यामुळे. मुलाखतीत पगाराच्या आधी विचारून घ्यावं, कोणता देश आणि कोणती शिफ्ट.